एका चपलेवरचा माणूस

डावी चप्पल काढून तो माझ्या शिलाई मशीनखाली सरकवायचा. "मास्तर, ही ठेवा. अर्ध्या तासानं मागतो." म्हणजे समजायचं, गड्याला दारूची तलफ आलीय.

कोल्हारला स्टँडजवळ माझं टेलरिंगचं दुकान, शेजारी त्याचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं. दारूचं दुकान तिथून शंभर पावलांवर. मी चिडवायचो, "अरे, अनवाणी जाता येत नाही का?" तो म्हणायचा, "येतं की. पर एका चपलेवर गेलो तर लोक हसत्यात. तेवढी लाज आडवी येती." मग कापडाच्या गठ्ठ्यामागं गुडघे टेकायचा. प्रार्थना एवढीच, "प्रभू, मी लई कच्चा हाय. आत्तापुरतं सांभाळ."

मी देवळात जाणारा माणूस, मला त्याच्या प्रार्थनेतलं काय कळणार? पण एवढ्याशा मागण्याचं नवल वाटायचं. एकदा विचारलंच, "मागायचंच तर जन्माचं माग ना!"

"मागितलं हुतं, मास्तर. तीन वर्षं शिवलो न्हाई. चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, मी दारू कशी सोडली त्याची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लई बरं वाटलं. त्याच आठवड्यात प्यालो. तवापास्नं आत्तापुरतंच मागतो."

तुम्हीही दारू सोडलेली माणसं पाहिली असतील. बहुतेक जण छाती काढून सांगतात. हा मात्र विचारलं की मान खाली घालायचा.

आणि मी शहाण्यानं काय करावं? त्याच्या मुलीच्या लग्नात, चर्चमधला विधी उरकून सगळे मांडवात आल्यावर, मी माईक धरला. "या माणसानं दहा वर्षांत थेंब घेतला नाही. दारूला त्यानं कायमचं लोळवलं!" टाळ्या पडल्या. त्याचा चेहरा उतरला. मांडवामागं त्याचे जुने सोबती बाटली घेऊन बसलेत, हे मला कुठं माहीत होतं?

तो उठला, माझ्या हातातून माईक घेतला. "मास्तर चुकले. मी कुणाला लोळवलं न्हाई. आत्ता मांडवामागं बाटली हाय आन माझं मन तिकडं गेलंय. मंडळी, माझ्यासाठी प्रार्थना करा." एवढं बोलून व्याह्यांच्या देखत गुडघ्यावर बसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता सोयरे उठून जाणार, पोरीच्या संसाराला पहिल्याच दिवशी डाग लागणार. पोर स्टेजवरून उतरली, लग्नाच्या पांढऱ्या साडीतच बापाशेजारी मातीत बसली. पाठोपाठ तिचे सासरे आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मग चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली. मीही हात जोडले. खरं सांगतो, इतका ताठ माणूस मी कधी पाहिला नाही, आणि तो गुडघ्यावर होता.

नंतर पंगतीत तो माझ्या शेजारी बसला, पुन्हा मागून भात घेतला. रागाचा एक शब्द बोलला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो हृदयविकारानं गेला. दफनाच्या वेळी पोर म्हणाली, "मास्तरकाका, दोन शब्द बोला." बोलण्यात मी कधी मागं नसतो, पण तिथं लांबवलं नाही. "हा माणूस न पिता गेला," एवढंच म्हणालो आणि कबरीत मूठभर माती टाकली.

त्याची बायको कबरीपाशी उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं.

"व्हय, मास्तर," ती म्हणाली. "पुरते शुद्धीत हुते. माझ्याशी बोलत बोलत गेले."