तीन बैठकांचं इतिवृत्त

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं ठाऊक नाही.

बोईसरच्या एका शाळेत मी पर्यवेक्षक होतो. आमच्याकडे 'संवाद कक्ष' होता. मुलांच्या हातून काही घडलं तर पोलिसांआधी तिथे बसून बोलायचं, पालकांना बोलवायचं, झालेलं नुकसान मुलाकडूनच भरून काढायचं. उद्घाटनाला फीत होती, नारळ होता, तीन भाषणं होती. त्यातलं एक माझं. पुढे त्या खोलीत आम्ही स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवत असू.

आठवीतल्या सुनीतानं दगड मारला. मासवणकडची, इथे मामाकडे राहायची. आईबाप वीटभट्टीवर गेलेले. वर्गातल्या मुली तिला 'भट्टीवाली' म्हणून चिडवत. दगड त्यांच्यासाठी होता, लागला खिचडी शिजवणाऱ्या मावशींना. कपाळाला दोन टाके.

दांडी गावच्या या मावशी दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधून हजर. "टाके मला पडले ना, सर? मग पोरीला माझ्याकडं धाडा. आठ दिवस टोप घासंल, माझ्या शिव्या खाईल — सुधरंल, नायतर पळंल!" सुनीताही तयार होती. आमच्या तिन्ही भाषणांत मिळून एवढं शहाणपण नव्हतं.

पण संस्थेच्या अध्यक्षांना जरब बसवायची होती. आणि मला — मुख्याध्यापकाची खुर्ची हवी होती. एवढंच? हो, एवढंच. ती मिळालीही.

मावशींना न विचारता पोलिसांत तक्रार मी दिली. पण सांगायचं ते हे नाही — ते अजून आलेलंच नाही.

प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. शाळेनं आधी काय प्रयत्न केले, अशी विचारणा झाली. मी इतिवृत्त लिहिलं: तीन बैठका, समुपदेशन, पालकांना समज, सुधारणा नाही. भाषा सुरेख होती. बैठक एकही झाली नव्हती. आणि वडिलांच्या नावापुढचा अंगठा — तो माझा.

सुनीताला निरीक्षणगृहात ठेवलं. किती दिवस, हे विचारायचं मी टाळलं. ती सुटली, शाळेत मात्र परत आली नाही.

मग तिचा बाप आला. चपला दाराबाहेर काढून उभा राहिला. कुणीतरी त्याला तो कागद वाचून दाखवला होता. आता हा भांडणार, असं वाटलं — खरं सांगू? भांडावं, असंही वाटलं.

"सर, तीनदा बोलावलंत म्हनं," तो म्हणाला. "मला तर काय आठवत नाय. पन कागदावर हाय, तर आलो असंन."

मी म्हणालो, "आला होतात."