दुपारची वीज

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लाँड्री आहे. ती चालवणाऱ्या बाईला सगळे लाँड्रीवालीच म्हणतात आणि तिलाही ते चालतं. "कुणी नावानं हाक मारली की मला धस्स होतं, वाटतं घरात काहीतरी झालंय," असं ती हसून सांगायची. लहानपणी ती आईबरोबर एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखोलीत हौद घासायला जाई. पुढे तिथेच नोकरी, मग लग्न, मग हा गाळा. गाळा म्हणजे एकच लांब खोली. पुढे मशिनं आणि इस्त्रीचं टेबल, मागे एक जाड पडदा. पडद्याआड कॉट, शेगडी आणि संसार.

नवरा दुधाचा टँकर चालवायचा. तिन्हीसांजेला निघायचा, उजाडल्यावर परत यायचा, दोन घास खाऊन पडद्याआड झोपायचा. मशिनं लागायची ती रात्री. लॉजच्या चादरी आणि दवाखान्याचे अभ्रे सकाळपर्यंत धुऊन निघत. दिवसा घड्या आणि इस्त्री, म्हणजे बिनआवाजाची कामं. स्वतः ती दोन फेऱ्यांच्या मधे खुर्चीतच डुलकी काढायची. दारात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आपोआप हळू बोलायचं. मूलबाळ नव्हतं.

"आमची गाठ पडते ती फक्त चहाला," टँकरवाले म्हणायचे. "म्हणून तर अजून भांडण झालं नाही."

"झालं नाही कसं? तुम्ही घोरत असता तेव्हा मी भांडून घेते."

मग वीज कंपनीची योजना आली. गावाबाहेर सौर पॅनेलांचं भलंमोठं मैदान उभं राहिलं होतं आणि टेकडीवर पवनचक्क्या. भर दुपारी वीज उतू जायची, रात्री वारा सुटला की पुन्हा मुबलक व्हायची. मात्र संध्याकाळी सगळे एकदम बटणं दाबत, तेव्हा ती पुरत नसे. म्हणून लोकांनीच आपली वापराची वेळ बदलावी, असं कंपनीचं म्हणणं. जो बदलेल त्याला दर कमी. लाँड्रीसारख्या धंद्याला तर नवी मशिनंही वापरायला मिळणार. मशिनाला एक डबी जोडलेली असे. आपण कपडे भरून ठेवायचे. वीज मुबलक झाली की कंपनी लांबूनच मशीन सुरू करणार, तंगी झाली की थांबवणार. काहींना दुपारचा गट, काहींना रात्रीचा. कल्पना वाईट नव्हती.

योजनेचा माणूस आला तेव्हा मी कपडे घेऊन तिथेच उभी होते. टँकरवाले झोपलेले, म्हणून ती दोघं कुजबुजत होती.

"ताई, घरात झोपायची वेळ कोणती? त्या वेळात मशीन वाजणार नाही."

"रात्रीची की," ती म्हणाली.

त्या घरात रात्री धड कुणीच झोपत नव्हतं. माझ्याही ते ध्यानात आलं नाही, इतकं ते उत्तर सरळ होतं. "निघून गेलं तोंडातून," ती नंतर म्हणाली. "कुणी 'कशा आहात' विचारलं की आपण 'बरी आहे' म्हणतोच ना, तसं."

त्या उत्तरावरून तिला दुपारचा गट मिळाला. पहिल्या दुपारी नव्या मशिनांनी पिळायला घेतलं तेव्हा फरशी थरथरली. टँकरवाले पडद्यातून डोकं काढून म्हणाले, "पळायचं की थांबायचं, तेवढं सांग." ती खूप हसली. आठवड्याभरात दोघांचंही हसणं थांबलं.

तिनं कंपनीला फोन लावला.

"ताई, तुमच्या भागातला रात्रीचा गट भरलाय. पुढच्या वर्षी बघू."

"अहो, पण माझा माणूस रात्रभर गाडी चालवतो!"

"मग योजनेतून बाहेर पडा. मशिनं मात्र परत द्यावी लागतील."

जुनी मशिनं केव्हाच भंगारात गेली होती. तिनं दुपारी मशीन रिकामं ठेवून पाहिलं, तर चादरी वेळेवर जाईनात आणि एका लॉजनं काम काढून घेतलं. मी वरच्या मजल्यावरची माझी मागची खोली दिली. टँकरवाले उशी बगलेत मारून काही दिवस वर आले. पण धडधड भिंतीतून वरही यायची. "मावशी, गादी झकास आहे," ते म्हणाले, "पण खाली ती चादर झटकते ना, तो आवाज आला की मला झोप लागते. आता त्या मशिनात तोही ऐकू येत नाही." आणि ते पुन्हा खाली गेले.

त्यांचे डोळे सदा तांबारलेले. निघताना ती थर्मास भरून द्यायची, तोंडावर पाणी मारायला लावायची, "झोप आली तर गाडी बाजूला घ्या, दूध नासलं तर नासू द्या," असं पुन्हा पुन्हा बजावायची. रात्री आता मशिनं बंद. तिला खुशाल झोपता आलं असतं. पण माझ्या खिडकीतून खाली पाहिलं की तिचा दिवा चालूच दिसायचा.

एका पहाटे टँकर पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळला. दुसरं कुणी रस्त्यावर नव्हतं. खांदा निखळला, दूध नदीत गेलं. टँकरच्या मालकानं दवाखान्यात येऊनच किल्ली मागून घेतली. "माणूस वाचला, नशीब," सगळे म्हणाले.

"पुलावर मला आपला पडदा दिसला," त्यांनी तिला सांगितलं. "वाटलं, पोचलो घरी."

त्यानंतर त्यांना कुणी गाडी दिली नाही. ते आता लाँड्रीत बसतात. कपडे भरतात, डबीकडे बघत राहतात. पूर्वीची थट्टा कुणी केली तर हसतात, पण जरा उशिरा.

परवा मी अभ्रे आणायला गेले तेव्हा मशीन फिरत होतं. ते पाणी आणायला बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, रात्री ते आता माझ्या शेजारी पडलेले असतात. डोळे उघडे. मीही जागीच. इतकी वर्षं वाटायचं, कधीतरी रात्रभर माणूस घरात असावा. आता आहे, तर माझं ते 'रात्रीची की' आठवतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही."

मशीन थांबलं. तिनं झाकण उघडलं आणि ती ओल्या चादरी बाहेर ओढायला लागली.