गोधड्यांची गादी

माझ्या नवऱ्याला मी त्यांच्या हयातीत कधी नावानं हाक मारली नाही. आता ते नाहीत म्हणून इथं त्यांचं नाव लिहावं, एवढं धाडस मला अजूनही होत नाही. तेव्हा "हे" म्हटलं की ते समजून घ्यायचं.

छप्पन सालच्या वैशाखात लग्न होऊन मी मोशीला आले. माहेर चिंचवडचं, वडील रेल्वेत, त्यामुळे मी सातवी फायनलपर्यंत शिकलेली. सासरी अक्षरओळख कुणालाच नव्हती. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "सून वाचनारी हाय." आणि श्वास न घेता पुढं, "भाकरी मातुर जाड थापती." दोन्ही खरं होतं.

हे पैलवान. चार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका मल्लानं ऑलिंपिकमधून कुस्तीचं पदक आणलं होतं, तेव्हापासून गावोगावच्या तालमींना त्याचंच वेड लागलं होतं. त्या वर्षाअखेर मेलबर्नला ऑलिंपिक होतं. यांच्या वस्तादांनी आण घातली होती की त्याचा निकाल लागेपर्यंत यांनी तालमीतच झोपायचं, घरी फक्त जेवायला यायचं. माझं लग्न झालं होतं असं लोक म्हणत. मला नवऱ्याचे ओळखीचे होते ते फक्त कान, पैलवानाचे ते मोडलेले, सुजून घट्ट झालेले कान, कारण मी उभ्यानं वाढायची आणि हे मान खाली घालून जेवायचे.

गणपती उठले आणि निवडीची कुस्ती झाली, दूर शहरात. यांच्यासोबत मामंजी, म्हणजे माझे सासरे, गेले होते. परत आले ते पेढे घेऊनच. ओसरीवर बसून त्यांनी सगळ्या आळीला कुस्ती सांगितली.

"मातीच न्हवती. गादीवर लावली कुस्ती. पन आपल्या गड्यानं पाठ लावू दिली न्हाई! येळ संपली, सोडवली बरोबरीत. पंचानं त्या गड्याचा हात वर केला, तसा आपल्यानं आपला हात आपनच वर केला. काय लोक हासले! टाळ्याच टाळ्या!"

"मग पुढं?" कुणीतरी विचारलं.

"पत्र येनार हाय. फेरकुस्ती लावतील, न्हाईतर दोघांनाबी नेतील."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या जत्रेच्या फडात पाठीला माती लागली तर माणूस हरला, नाही लागली तर बरोबरी. पंच दोघांचे हात वर करतो, हलगी वाजते, नारळ अर्धा अर्धा. या पलीकडं कुस्तीत आणखी काही असतं हे आमच्या गावात कुणाला स्वप्नातही आलं नसतं.

फेरकुस्ती गादीवर, म्हणून गादीचा सराव हवा. गादी कुठून आणणार? आत्याबाईंनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. रिकाम्या गोठ्यात भाताचा पेंढा हातभर पसरला आणि त्यावर गोधड्या एकमेकींना जोडून शिवायला आम्ही दोघी बसलो. माझ्या आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली गोधडीही त्यात गेली. मला वाईट वाटलं, पण नवऱ्याच्या उपयोगी पडतेय याचा आनंदही झाला. टाके मी असे बारीक घातले की आत्याबाईंनीही नाव ठेवलं नाही.

चार गोधड्या जोडून झाल्या होत्या, त्या दिवसाची गोष्ट. शाळेतल्या गुरुजींकडं पुण्याहून वर्तमानपत्र यायचं, एक दिवस शिळं. गुरुजींना त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राखेरीज पेपरात दुसरं काही दिसतच नव्हतं. त्यांचा वाचून झाला की मी आणायची आणि दुपारी ओसरीवर मोठ्यानं वाचायची. त्या दिवशी वाटेतच मी चाळला. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळी होत्या. यांचं नाव होतं, आणि यांच्याशी लढलेल्याचं. तो गुणांवर विजयी. त्याची निवड.

मी वेशीपाशी थांबून त्या चार ओळी तीनदा वाचल्या. गुण म्हणजे काय ते मला शाळेमुळं कळत होतं. लोक का हसले तेही कळलं. पंचानं जिंकलेल्याचा हात वर केला होता आणि हरलेला माझा नवरा शेजारी आपला हात वर करून उभा होता. भर रस्त्यात मला रडू फुटलं.

घरी आले तर हे ओसरीवर पाय पसरून बसलेले, मामंजी त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होते. माझ्याकडं न बघताच यांनी विचारलं, "काय हाय का आज कुस्तीचं?"

"न्हाई," मी म्हणाले.

का म्हणाले? मी घाबरट होते हे एक. दुसरं म्हणजे यांचा तो आशा लागलेला चेहरा. मी सांगितलं असतं तर हार कळून आण तिथंच संपली असती, हे घरी झोपायला आले असते, म्हणजे माझंच भलं झालं असतं. तरी तोंड उघडलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला, आणि उशिरा सांगितलेलं खरं तर आणखीच वाईट लागतं, म्हणून मग राहिलंच.

उरलेल्या तीन गोधड्या मी त्यानंतर जोडल्या. टाके लांब लांब पडायला लागले. आज ना उद्या हे उसवायचंच आहे, ते कशाला घट्ट शिवा, असं हातालाच वाटत होतं. आत्याबाई करवादल्या, "ह्ये काय गं? भाताची रोपं लावतीस का?" मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

हे सकाळ संध्याकाळ त्या गादीवर तालमीतल्या गड्यांशी झोंबायचे. शिवण फुटली की मी पुन्हा शिवायची. पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात भरती चालली होती. यांच्या जोडीचे दोघं लागलेसुद्धा. हे म्हणाले, "पत्र येऊ दे, मग बगू."

पत्र आलं नाही. दिवाळीत गुरुजींनी सांगितलं की संघ गेला, आणि यांच्याशी लढलेला तो गडी त्यात आहे. मला वाटलं, आता कळणार. पण यांनी त्याचाही अर्थ आपल्या रीतीनं लावला. "जागा एकच आसंल. त्याला मोठ्या लोकांनी बगितलेलं. बरोबरीत एकाला तर जावंच लागतं."

मग आमच्या घरात नवलच सुरू झालं. ज्यानं यांना हरवलं त्याच्यासाठी आत्याबाई शनिवार धरू लागल्या, मारुतीला तेल वाहू लागल्या. "त्यो आपल्या पोराच्या बरोबरीचा हाय. त्यो जिकला म्हंजे आपला जिकला." हे रोज पेपरची वाट पाहत बसायचे. थंडी पडली होती. गोधड्या गोठ्यात होत्या, आम्ही घरात घोंगडी आणि जुनी लुगडी पांघरून कुडकुडत होतो. कुणाची तक्रार नव्हती.

मेलबर्नची बातमी आली त्या दुपारी मला पेपर आधी चाळायला जमलं नाही. गुरुजींच्या घरून हेच घेऊन आले. घाम पुसत माझ्यापुढं ठेवला, "वाच."

मी वाचलं. आपले कुस्तीगीर एकेक करून बाद होत चालले होते. तोही दुसऱ्या फेरीत बाद.

यांनी विचारलं, "चित झाला?"

"न्हाई."

"मग?"

खोटं बोलायला मला अर्ध्या क्षणाचा वेळ हवा होता, तो मिळाला नाही. "गुणांवर," मी म्हणाले. "पाठ लागली न्हाई. पन डाव कुनी जास्त केलं, ते पंच मोजतात. ज्याचं कमी, त्यो हरला."

मामंजी म्हणाले, "आसं कुठं आसतं व्हय?"

हे उजव्या हाताकडं बघत बसले, त्या दिवशी वर केला होता त्याच हाताकडं. मोडलेले कान लाल झाले. मग उठून नदीकडं गेले. आत्याबाईंनी मला विचारलं, "त्यो हरला म्हनून ह्याला येवढं का लागलं गं?" मी पेपरची घडी घालायला लागले.

चार-पाच दिवस हे जेवायला यायचे आणि जायचे. मग हॉकीत आपल्याला सुवर्णपदक मिळाल्याची बातमी आली. गुरुजींनी पोरांना साखर वाटली. पोरं जयजयकार करत आमच्या दारावरून गेली. हे गोठ्यात होते. मी डोकावले तर गादीपाशी मांडी घालून बसले होते, हातात विळा, आणि एकेक टाका कापत होते. मी समोर बसून दुसऱ्या बाजूनं दोरा ओढायला लागले.

पहिल्या चार गोधड्यांना वेळ लागला. टाके बारीक होते, कापता कापता त्यांच्या कपाळावर घाम आला. पाचवीला विळा लावायचीही गरज पडली नाही. दोरा नुसता ओढला तसा सळसळत निघून आला. सहावीचाही तसाच. हे थांबले. हातातल्या दोऱ्याकडं पाहिलं, मग आधीच्या टाक्यांकडं, मग माझ्याकडं. लग्नाला सात महिने झाले होते, आणि त्यांनी मला असं सरळ पहिल्यांदाच पाहिलं.

"हितनं सैल हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"तवापासनं ठावं व्हतं?"

मी मान डोलावली. आता हात उगारतील, निदान आवाज चढवतील, असं मी धरून चालले होते.

त्यांनी माझ्या आईची गोधडी ओढून काढली. पेंढा झटकला. तेलानं आणि घामानं ती जड झाली होती. ती माझ्या खांद्यांवर टाकली.

"येवढं दिस येकटीच घिऊन बसलीस?"

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळपासून हे घरी राहायला लागले. सात महिने ज्या दिवसाची मी वाट पाहिली होती तो दिवस आला होता, आणि मी चुलीपुढं बसून रडत होते.