मूठ तिच्याकडे

धुळ्याला आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. स्टेनलेसचे चाकू तेव्हा नवे नवे आले होते. सोनगीरकडची एक बाई गावातल्या बायकांसाठी चाकू न्यायला बाजाराच्या दिवशी यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही.

पिशवीतून ती स्वतःचं वांगं काढायची आणि एकेक चाकू त्यावर चालवून बघायची. मग नखानं पातं वाजवून कान द्यायची. "भाऊ, हाऊ कंपनीना चाकू चमकस, पन वाकस. लोहारना सस्ता शे, तरी जास्त दिन टिकस."

एरवी आमचे हे असल्या गिऱ्हाइकाला दुकानात उभं करत नसत. तिच्यापुढे मात्र चाकूमागून चाकू मांडायचे. हातात चाकू दिला की भांडण लागतं, म्हणून प्रत्येक चाकू फडक्यानं पुसून फळीवर ठेवायचे, मूठ तिच्याकडे करून. मी आतल्या दारातून बघत जळायचे.

एकदा मला बघून ती हसली. "अक्का, तुमनी मज्या शे. बठ्ठा चाकू घरनाच."

सगळे चाकू घरचे कसले! माझ्या स्वयंपाकघरात चाकू एकच होता, वाकला म्हणून गिऱ्हाइकानं परत केलेला.

त्या संध्याकाळी पेरू कापून झाल्यावर ह्यांनी तोच चाकू माझ्या हातात देऊ केला.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी तो ओट्यावर ठेवला, पातं माझ्याकडे करून.