डोंगर कोणाचा
कापूर घातलेल्या तेलाचा वास आला की मला भावाचे पाय आठवतात. हिमालयाच्या सीमेवर, आजवर कुणीच न चढलेल्या एका शिखराखाली पहारा देताना त्याची बोटं बर्फात झडली होती. आमच्या गावी, मुधोळच्या भर उन्हाळ्यात आई ते पाय चोळत होती, तेव्हा त्या सीमेवरच दरीत पडून मेलेल्या त्याच्या सोबत्याची आई इचोड्याहून आली. "माह्या पोराले तिथंच काऊन सोडून आला तू?" भाऊ म्हणाला, "मावशी, तिकडं आमाले उतरू देत नाहीत. तो डोंगर कोनाचा, हेच अजून ठरलं नाही." "डोंगर कोनाचाबी असो, पोरगा तं माहा हाय ना!" ती चहा न घेताच उठली. भाऊ कुबड्या टेकत बसस्टँडपर्यंत तिच्या मागं गेला. आता माझा मुलगा त्याच सीमेवर आहे. फोनवर तो तिथल्या शिखराचं कौतुक सांगू लागला की मी विषय बदलते.