भारतात आल्याची तारीख

पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस कचेरीत बसलो होतो. शेजारी तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीतली एक मुलगी परदेशी लोकांचा नोंदणी फॉर्म भरत होती. आजवर आईच्या कागदांत तिचं नाव असायचं; आता मोठी झाली, म्हणून पहिल्यांदाच स्वतःचा फॉर्म. ‘भारतात आल्याची तारीख’ या रकान्यात तिने जन्मतारीख लिहिली.

"अगं, ही तर जन्मतारीख. इकडे कधी आलीस ते लिही," कारकून म्हणाले.

"तेव्हाच आले, साहेब. इथल्याच सरकारी दवाखान्यात."

मला आधी हसू आलं, मग राग आला. मीही या देशात असाच आलो होतो की, उघडा, रडत, हातात एकही कागद नसताना. माझ्या येण्याचे पेढे वाटले गेले. हिला मात्र त्याच येण्यासाठी जन्मभर राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यायची होती.

"खोड ते," कारकुनांनी पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही. फॉर्मच त्यांच्याकडे सरकवला.

"खोडायचं तर तुम्ही खोडा. आणि मी कधी आले, तेही तुम्हीच लिहा."