सेफ्टीकाकांचे मागचे पट्टे

थांबा, बाकी सगळं नंतर, हे आत्ताच्या आत्ता सांगते. मंजूताईने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकलाय आणि तो बघून मी एकटीच खो खो हसत बसलेय. पण फोटो शेवटी. आधी सेफ्टीकाका.

सेफ्टीकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी बाजव्याला, रिफायनरीत, सेफ्टी खात्यात. रिटायर झाले ते खातं घरी घेऊनच. गोत्रीच्या त्यांच्या फ्लॅटवर कुणी आलं की पाण्याच्या आधी सूचना: "आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही." इमारतीला लिफ्टच नव्हती. काकूने कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत तिला ओट्यापासून लांब उभं करायचे. काकू म्हणायची, "मग कणीक तुम्ही मळा. तुमच्याकडे हेल्मेट आहे."

आणि या माणसाची गाडी बघा. जुनी, पांढरी. मागे नुसते कमरेपुरते पट्टे, तेसुद्धा खडखडतात म्हणून काकांनी त्यांच्यावरूनच मरून मखमली कव्हर घालून घेतलेलं. पट्टे आत, मखमल वर. विचारलं की ठरलेलं उत्तर: "अगं, मागे बसतो तो पाहुणा. पाहुण्याला कुणी बांधून ठेवतं का? चालशे." प्लँटमध्ये कुणी त्यांना असं गुजरातीत 'चालशे', म्हणजे 'चालेल', म्हटलं असतं तर काकांनी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

मंजूताई ही त्यांची एकुलती एक मुलगी, बंगलोरला असते. ती चार वर्षांच्या ईराला घेऊन येणार होती. नातीला स्टेशनवरून आपल्या गाडीतून आणायचं, सोसायटीच्या गेटपाशी हॉर्न मारायचा, सगळ्यांनी गॅलरीत यायचं, असं काकांनी मनात पार रंगवून ठेवलं होतं. आणि ताईचा फोन आला. "बाबा, मागे खांद्यावरून येणारा पट्टा नसेल तर ईरा तुमच्या गाडीत बसणार नाही. तिची छोटी सीट त्यानेच बांधतात. आम्ही टॅक्सीने येऊ."

"माझी नात टॅक्सीने? मी मेलोय का?"

दुसरा कुणी गॅरेजमध्ये गेला असता. काका माळ्यावर चढले. उंचावर काम करणारे लोक अंगात अडकवतात तसला प्लँटमधला एक जुना पट्टा त्यांनी जपून ठेवला होता. तो तरसालीच्या सीटकव्हरवाल्याकडून त्यांनी मखमलीवर शिवून घेतला. दुहेरी टाके. चाचणीला अर्थात मी. मला करकचून जखडलं, सोसायटीतल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी जराशी पळवली आणि कचकन ब्रेक दाबला. मी, पट्टा आणि मखमल, आम्ही तिघं मिळून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलो. मागे उघड्या सीटवर कंपनीचे जुने पट्टे दिसत होते, अगदी नवेकोरे.

काकू गॅलरीतून बघत होती. "अहो, पट्टा गाडीला बांधतात ना? का कव्हरला?"

"कापडात दम नाही," काका म्हणाले.

शेवटी गॅरेज. तिथे कळलं की याच गाडीच्या महागड्या मॉडेलला मागे खांद्यावरचे पट्टे येतात, आणि ते बसवायच्या जागा काकांच्या गाडीतही पहिल्यापासून आहेत. कुठे? काकांनी ऊन लागतं म्हणून पडद्यांच्या दांड्या ठोकल्या होत्या ना, बरोबर त्यांच्या मागे. पडदे निघाले, मखमल गेली, पट्टे बसले. काकांनी झटके देऊन देऊन तपासले आणि म्हणाले, "मी म्हणतच होतो, मागे पट्टा पाहिजे."

"कुणाला म्हणत होतात?" काकूने विचारलं.

स्टेशनवर ताईनेही तसेच झटके दिले, अगदी बापाची मुलगी. मग ईराची सीट बांधली, ईरा बसली. टक. काका किल्ली फिरवणार तेवढ्यात मागून आवाज: "आजोबा, तुमचा टक नाही झाला."

कसा होणार? काका स्वतःचा पट्टा छातीवरून ओढून नुसता मांडीखाली दाबायचे, सर्कलवरच्या पोलिसाला दिसण्यापुरता. इतकी वर्षं.

"अगं, इथेच तर जायचंय. चालशे."

"मग मी उतरते."

काकांनी आमच्याकडे बघितलंच नाही. बक्कल सापडायलाच त्यांना बराच वेळ लागला. टक. त्या दिवशी गेटपाशी हॉर्न मारायचंही ते विसरले.

पुढे काकू गेली, आणि ताई काकांना बंगलोरला घेऊन गेली. गाडी विकताना काका घेणाऱ्याशी इंजिनाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, मागचे पट्टे मात्र ओढून ओढून दाखवत राहिले. तो बिचारा शेवटी म्हणाला, "काका, हवे घेर जाऊं?" म्हणजे, आता घरी जाऊ का?

तर आजचा फोटो. ताईच्या गाडीत काका मागे बसलेत, मान ताठ, तोंड एवढंसं, आणि ईरा त्यांचा पट्टा लावतेय. खाली ताईने लिहिलंय, "पाहुण्याला बांधलं." त्याखाली काकांचं उत्तर आत्ता आलं: "पाहुणा असतो तर सुटा असतो."



तुमच्याकडेही आहेत का हो असे कुणी काका? आणि तुमच्या गाडीतले मागचे पट्टे कुठे आहेत? कव्हरखालीच ना?